थंडी घरात असते : ग्वाल्हेरमधले संक्रांतीचे सात दिवस

१० जानेवारी, पोहोचण्याचा दिवस

पुण्या-मुंबईकडून ग्वाल्हेरला येताना गाडीला उशीर होईल या भीतीने लोक धास्तावलेले असतात. प्रत्यक्षात येतानाचा प्रवास बहुतेक वेळा बरा होतो. झेलम, गोवा एक्स्प्रेस, पंजाब मेल या गाड्यांचा खालचा सगळा रस्ता मोकळ्या हवेतला आहे. दाट धुक्याचा पट्टा साधारण झाशीच्या पुढे लागतो आणि ग्वाल्हेर त्याच्या उंबरठ्यावर आहे. उशीर होतो तो परतीला, कारण तीच गाडी पंजाब-दिल्लीकडून रात्रभर धुक्यातून वाट काढत खाली येते. तेव्हा परतीच्या दिवशी पुढे विमान, लग्न, परीक्षा असे काही ठेवू नका. एक दिवस हातचा राखा.

सामानाचेही तसेच. एकच जाडजूड जॅकेट आणून भागत नाही. आत सुती बनियन, त्यावर अंगासरशी बसणारे गरम कपडे, मग लोकरी स्वेटर आणि सगळ्यांवर वारा अडवणारे काहीतरी, असे थर हवेत. दुपारी एकेक काढायचा, साडेपाचनंतर एकेक चढवायचा. कानटोपी, मफलर आणि घरात घालायच्या जाड तळव्याच्या सपाता मात्र विसरू नका. या यादीतल्या सपातांना लोक हसतात आणि पहिल्याच रात्री त्या शोधत फिरतात.

कारण इथली थंडी घरात असते. लष्करातली जुनी मराठी घरे पाहा. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे पडली, म्हणून या भागाचे नाव लष्कर. दगडी भिंती, उंच छत, छतालाही दगडी पटिया, खाली फरशी, मधे चौक. ही बांधणी मे महिन्यासाठी आहे, जेव्हा पारा ४५ च्या वर जातो. दगड तापायला वेळ घेतो हा उन्हाळ्यातला गुण जानेवारीत दोष होतो. दुपारी दोनला गच्चीवर २२ अंश असताना तळमजल्याच्या खोलीत चार-पाच अंश कमीच असते. पहाटे बाहेरचे किमान तापमान ७ च्या आसपास असते, लाटेत ३-४ पर्यंत उतरते. घर तापवायची सोय कुठल्याच घरात मुळातून नसते. नव्या वसाहतींतल्या विटांच्या घरांना दक्षिणेकडून ऊन येत असेल तर ती थोडी उबदार असतात, इतकाच फरक.

पहिल्या रात्रीचा मुख्य विषय रजई. दोघांच्या रजईत चार ते पाच किलो कापूस असतो, एकट्याच्या रजईत दोन ते तीन. ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. म्हणून दोन-तीन हिवाळ्यांनी कापूस दबून त्याचे गोळे झाले की वजन तेवढेच राहते आणि ऊब जाते. रजई उन्हाच्या समोर धरा. मधे मधे उजेड आरपार दिसला तर तिथे कापूस सरकलेला आहे आणि रात्री नेमकी तिथूनच थंडी शिरते. उपाय एकच : खोळ उसवून कापूस पिंजून घ्यायचा आणि पुन्हा भरून दोरे घालायचे. हे काम दिवाळीच्या आसपास करून घेतात. जानेवारीत पिंजाऱ्याकडे रांग असते.

रजईवर जड ब्लँकेट टाकण्याची चूक पाहुणे हमखास करतात. त्याने कापूस दबतो. ब्लँकेट आत, अंगालगत, आणि रजई सगळ्यांत वर. अंगाखालीही तितकेच लक्ष हवे, कारण निम्मी थंडी खालून येते. फरशीवर सतरंजी, तिच्यावर गादी, गादीवर एक जुनी घोंगडी आणि मग चादर. अंथरुणात रबरी पिशवी ठेवायची असेल तर ती दोन तृतीयांशच भरा, दाबून हवा काढा, पाणी उकळते नको, आणि वर कापड गुंडाळा. झोपण्यापूर्वी वीस मिनिटे ती पायथ्याशी ठेवायची. लहान मुले आणि मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेले आजी-आजोबा यांच्या अंथरुणातून झोपताना ती काढून घ्यायची. भाजले तरी त्यांना कळत नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाला रजईत घेऊन झोपवू नका. जड पांघरूण तोंडावर आले तर त्याला ते दूर करता येत नाही. मोठ्या माणसाच्या अंगावर असतील त्यापेक्षा एक थर जास्त कपडे आणि छातीपर्यंत खोचलेले हलके पांघरूण एवढे त्याला पुरते. ऊब पोहोचते का हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. मानेच्या मागे हात लावून पाहा.

११ जानेवारी, घरातच

सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण धुके असेल तर दहा-अकरापर्यंत तो दिसत नाही. आज कुठे जायचे ठरवू नका. घराचे घड्याळ समजून घ्यायला एक दिवस लागतो.

सकाळी पाण्यापासून सुरुवात. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभरात इतके गार होते की चूळ भरताना दात कळवळतात. ज्या घरात बोअर आहे तिथे पंप सुरू करून ताजे पाणी घ्या. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहते, म्हणून ते हातांना चक्क कोमट लागते. तेच पाणी टाकीत चढून तासभर थांबले की त्याचा फायदा गेला. भांडी घासणे, भाजी धुणे, कपडे खळबळणे ही कामे घरातली बाई पंप चालू असतानाच उरकते, त्याचे कारण हे.

पंधरा लिटरच्या, दोन किलोवॉटच्या गीझरला १५ अंशांचे पाणी ४५ पर्यंत न्यायला साधारण सोळा मिनिटे लागतात. सहा माणसांच्या घरात सलग आंघोळी करायच्या तर दीड तास त्यातच जातो, त्यामुळे आंघोळी दोन पाळ्यांत वाटून घेतात. शाळा-कचेरीवाले सकाळी, बाकीचे दुपारी बारानंतर. त्या वेळी काळ्या टाकीतले वरचे पाणी उन्हाने तापलेले असते आणि गीझरला निम्मेच काम उरते. गीझर आणि खोलीतला हीटर एकाच वेळी लावला की जुन्या वायरिंगच्या घरात एमसीबी पडतो. पाहुण्यांनी हे विचारून घ्यावे, नाहीतर साबण लावलेला माणूस अंधारात उभा राहतो.

बादलीत सोडायची रॉड अजून पुष्कळ घरांत आहे. दीड किलोवॉटची रॉड अठरा लिटर पाण्याला पंचवीस मिनिटांच्या आसपास घेते. तिचे नियम कडक आहेत. बादली प्लॅस्टिकची, रॉड कडेला टेकता कामा नये, खुणेपर्यंत बुडलेली हवी. पाणी तापले का हे पाहण्यासाठी बोट घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचाच. नुसते बटण बंद करण्यावर विसंबू नका. जुन्या घरांत बटण उलट्या तारेवर बसवलेले असू शकते आणि मग बंद करूनही रॉडमध्ये वीज राहते. मुले घरात असताना ती बादली बंद दाराआड ठेवायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. इथे दर हिवाळ्यात माणसे थंडीने कमी आणि थंडी घालवण्याच्या उपायांनी जास्त दगावतात की काय, असे वाटावे अशा बातम्या येतात. बंद खोलीत रात्री कोळशाची सिगडी ठेवून झोपणे, किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून निवांत आंघोळ करणे, या दोन्हींत एकच वायू माणसाला मारतो : कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. धूर संपून निखारे लालबुंद झाले की सिगडी ‘सुरक्षित’ झाली असे लोक समजतात. ती खरी तेव्हाच फसवी होते, कारण डोळे चुरचुरत नाहीत आणि कोणी खिडकी उघडत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, मग झोप येते, आणि ती झोप थंडीत मिळालेल्या उबेची वाटते. म्हणून सिगडी चौकात किंवा गच्चीवर शेकायची आणि झोपण्यापूर्वी बाहेरच विझवायची; खोलीत आणायची नाही. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असेल तरच वापरायचा. घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले तर सर्दी समजू नका. दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

विजेचा हीटर त्या मानाने बरा, पण रजई आणि पडद्यापासून तीन फूट दूर, आणि झोपताना बंद. दोन किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. उंच छताच्या खोलीत गरम हवा वर जाऊन बसते आणि पाय गारच राहतात. त्यापेक्षा लहान खोली निवडून दाराखालची फट जुन्या साडीच्या वळकटीने बुजवा आणि झोपण्यापूर्वी अर्धा तासच हीटर लावा. कोळसा किंवा गॅस पेटलेला असेल तिथे मात्र फट बुजवणे म्हणजे धोका ओढवून घेणे.

दुपारी अकरा ते तीन घर गच्चीवर असते. रजया कठड्यावर, गाद्या खाटेवर, आजी उन्हाकडे पाठ करून, मुले अभ्यासाची वही घेऊन, आणि मधे मटार सोलायची परात. लाट आली की जिल्हाधिकारी शाळांच्या वेळा पुढे ढकलतात किंवा लहान वर्गांना सुट्टी देतात, म्हणून मुलेही इथेच. रजया तीनच्या सुमारास, ऊन अंगावर असतानाच घडी करून आत आणायच्या. चारनंतर राहिल्या तर हवेतला ओलावा पिऊन घेतात आणि रात्री जड आणि गार लागतात.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत महाराजवाड्यावर एक फेरी. इथले लोक त्याला ‘बाडा’ म्हणतात. चौकाभोवतीच्या इमारती, टाऊन हॉल, पोस्ट, बाजार यांचा घाट प्रत्येकाचा वेगळा आहे. पावणेसहाला सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात हवेचा नूर बदलतो. तेवढ्यात परत फिरायचे.

१२ जानेवारी, किल्ला

किल्ल्यावर पहाटे जाण्यात अर्थ नाही. खालचे शहर धुक्याखाली असते आणि दगड इतके गार की हात ठेववत नाही. अकराला वर पोहोचावे, पण फार उशीरही नको. मानमंदिर महालाची निळ्या फरश्यांची प्रसिद्ध भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. बारा-साडेबारानंतर ती सावलीत जाते आणि बदके, हत्ती, मगरी यांचे रंग विझतात. मानसिंह तोमरांची कारकीर्द १४८६ ते १५१६, त्या काळातले हे काम.

पायी चढायचे तर पूर्वेचा ग्वाल्हेर दरवाजा, गाडीने जायचे तर पश्चिमेचा उरवाई दरवाजा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना गाडीनेच न्या. चढताना घाम येतो, वर वारा लागतो आणि घामाने भिजलेला बनियन अंगावर गार पडतो. आजारी पडण्याचा रस्ता हाच. एक कोरडा बनियन पिशवीत ठेवा. उरवाईच्या वाटेवर कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, बऱ्याचशा पंधराव्या शतकातल्या. तिथे गाडी थांबवून उतरा.

मानमंदिराखालचे दोन तळमजले उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधले. मोगलांनी त्यांचा कैदखान्यासारखा उपयोग केला. जानेवारीत तिथे पाच मिनिटे उभे राहिले तरी दगडी घरात थंडी कशी साठते ते तळव्यांना कळते. वयस्कर माणसांना आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना खाली नेऊ नका. पायऱ्या अंधाऱ्या आहेत आणि गार हवा एकदम छातीत भरते. वर सासबहू मंदिरे आणि तेली का मंदिर मोकळ्यावर, उन्हात आहेत, तिथे रेंगाळा. चतुर्भुज मंदिरातला शून्याचा कोरीव आकडा, इसवी सन ८७६ चा, मुलांना दाखवायलाच हवा. गणिताच्या वहीतल्या शून्याकडे मुले नंतर वेगळ्या नजरेने बघतात.

दाता बंदी छोड गुरुद्वारात लंगरचे गरम जेवण मिळते. पाय धुऊन आत जावे लागते, म्हणून छोटा पंचा आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड जवळ ठेवा. ओले पाय तसेच मोज्यात घातले तर रात्री बोटे लाल होऊन सुजतात आणि खाज सुटते. इथल्या हिवाळ्यातली ही नेहमीची तक्रार आहे. गार पडलेली बोटे एकदम आगीजवळ धरल्यानेही ती होते, आणि घट्ट मोज्यांचे दोन जोड चढवल्यानेही, कारण रक्तच नीट खेळत नाही. एक सैल लोकरी जोड, तळव्यांना तेल, आणि ऊब हळूहळू.

१३ जानेवारी, भोगी

आज स्वयंपाकघर. महाराष्ट्रातून आलेल्या गृहिणीचे अंदाज इथे पहिल्यांदा चुकतात ते विरजणापाशी. अर्ध्या लिटर दुधाला उन्हाळ्यात चमचाभर विरजण पुरते, जानेवारीत पळीभर लागते. दूध बोटाला सोसेल इतके गरम, भांडे लोकरी शालीत गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवायचे. तरी दहा-बारा तास लागतात. मधे उघडून पाहिले की ऊब जाते आणि दही तार धरते. इडलीचे पीठ रात्रीत फुगत नाही, पूर्ण दिवस द्या. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे बाटली चार महिने दगडासारखी असते. रुंद तोंडाच्या बरणीत ओतून ठेवा. सिलिंडर संपत आला की गारठ्यात गॅसचा दाब आणखी पडतो आणि ज्योत लहान होते. तेव्हा सिलिंडर गरम पाण्यात ठेवण्याचा किंवा आडवा करण्याचा प्रकार कोणी सांगितला तर ऐकू नका.

भोगीची भाजी इथे थोडी वेगळी होते. पावटा मिळेलच असे नाही, त्याच्या जागी मटार. सोलाणे, वांगी, बोरे, गाजर भरपूर. गाजर लाल, देशी, फक्त या दिवसांतले. तीळकूट आणि दाण्याचे कूट नेहमीसारखे. बाजरी मात्र अस्सल, कारण भिंड-मुरेना हा बाजरीचाच मुलूख. पीठ ताजे दळलेले घ्या, पंधरा दिवसांपूर्वीचे कडवट लागते. भाकरी गरम पाण्यात भिजवायची, नाहीतर थापताना कडा चिरतात. वरून तीळ लावायचे. बाजारात ‘बथुआ’ म्हणून जी जुडी मिळते तो आपला चाकवत. ताकातली पातळ भाजी करा. उत्तरेकडचे लोक तो रायत्यात आणि पराठ्यात घालतात, तेही चांगले लागते.

उद्याचा तिळगूळ आजच करायचा. अर्धा किलो तीळ खमंग भाजून, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप. गुळाचा थेंब पाण्यात टाकल्यावर टणक गोळी झाली की पाक झाला. पुण्यात लाडू वळायला जेवढा वेळ मिळतो त्याच्या निम्माही इथे मिळत नाही, मिश्रण लगेच आवळते. म्हणून कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा आणि दोघी-तिघींनी एकदम वळायला बसा. हाताला पाणी लावतानाही कोमटच.

संध्याकाळी मेळा. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केला, आधी गुरांच्या बाजारासाठी. रेसकोर्स रोडवरचे विस्तीर्ण मैदान आहे. ज्या वर्षी वाहनकरात सूट जाहीर होते त्या वर्षी लोक गाडी घेण्यासाठी मेळ्यापर्यंत थांबतात. मुलांसह जाणाऱ्यांनी चारला पोहोचून सातला निघावे. मैदान मोकळे असल्याने तिथला गारवा गल्लीपेक्षा बोचरा असतो. दुचाकीवर मुलाला पुढे बसवू नका, सगळा वारा त्याच्या छातीवर येतो.

१४ जानेवारी, संक्रांत

काळी साडी, काळे झबले यामागचे कारण इथे समजावून सांगावे लागत नाही. उन्हात काळे कापड हाताने चाचपून पाहा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, पण पुण्यासारखे सहा ते नऊ नाही. बायका चार ते साडेसहात येऊन जातात. चौकात सतरंजीवर जाड गादी घाला, नुसत्या फरशीवर पाट मांडू नका. गुलाबपाणी शिंपडायचे तर अगदी थेंबभर. वाण म्हणून लोकरी मोजे किंवा ग्लिसरीनची बाटली दिली तर ती खरोखर वापरली जाते.

बाळाचे बोरन्हाण संध्याकाळी करू नका. बारा ते दोन, गच्चीवर, उन्हात. हलव्याचे दागिने स्वेटरवरून घाला म्हणजे टोचत नाहीत. धुक्याच्या दिवशी हलवा पाणी सुटून चिकट होतो, म्हणून दागिने डब्यातून अगदी ऐन वेळी काढा. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगदाणे, हरभरे यांतले अख्खे शेंगदाणे, हरभरे आणि हलव्याचे दाणे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. डोक्यावरून ओतताना चुरमुरे जास्त आणि बाकी थोडे.

शेजारच्या हिंदी घरांतून आज खिचडीचे दान असते आणि तिळाचे लाडू येतात. आपल्याकडून गुळाची पोळी जाते. ती गार झाली की आतला गूळ कडक होतो, म्हणून देताना सांगा : तव्यावर पुन्हा गरम करून, पातळ तूप घालून खा.

१५ जानेवारी, मुरेना आणि चंबळ

सात दिवसांतला सगळ्यांत सुंदर दिवस हाच, आणि धुके असेल तर तो पुढे ढकलावा. मुरेना इथून चाळीस किलोमीटरच्या आसपास, आग्र्याच्या रस्त्यावर. दहाच्या आधी निघू नका. वाटेत धुके लागले तर दिवे खाली, डावीकडची पांढरी रेघ धरून चला. मोठा प्रकाशझोत धुक्यावर आपटून डोळ्यांतच परततो. चालत्या गाडीचे चारही इशारादिवे लावून ठेवू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. काच आतून धूसर झाली तर कापडाने पुसत बसण्यापेक्षा एसी लावून हवा काचेवर सोडा. तो हवेतला ओलावा ओढून घेतो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली असते. धुके विरले की तो पिवळा रंग लांबपर्यंत पसरलेला दिसतो आणि मुले खिडकी सोडत नाहीत.

देवरीच्या घडियाल (लांब तोंडाची सुसर) केंद्रात चंबळच्या काठावरून आणलेल्या अंड्यांतून पिल्ले वाढवून नदीत सोडतात. मग नदी. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत पसरले आहे. घडियाल पाहायला हिवाळ्याइतका चांगला काळ नाही. त्याचे रक्त स्वतः उष्णता निर्माण करत नाही, गार पाण्यात तो मंदावतो, म्हणून ऊन चढले की वाळूवर येऊन तासन्‌तास निश्चल पडतो. वेळही तीच, अकरा ते तीन, गच्चीवर आजी बसतात ती. होडीत आवाज करू नका, रंगीत शाली फडकवू नका; एक घसरून पाण्यात गेला की शेजारचे सगळे जातात आणि त्यांचे शेकणे वाया जाते.

परतताना गजक, तिळाची कुरकुरीत मिठाई. गूळ-साखरेचा पाक खुंटीला अडकवून ओढत ओढत फिकट होईपर्यंत ताणतात, मग भाजलेल्या तिळांत घालून लाकडी हातोड्यांनी कुटत पातळ थर करतात. थंड हवेतच ते कुरकुरीत राहते, म्हणून हा हिवाळ्याचाच धंदा. विकत घेताना तुकडा मोडून पाहा. कट्‌कन तुटून थर सुटले पाहिजेत. वाकला तर ओलावा खाल्लेला आहे. साडेपाचच्या आत ग्वाल्हेरात परत.

१६ जानेवारी, धुक्याचा दिवस आणि परतीची गाडी

एखादा दिवस ऊन पडतच नाही. हवामान खाते त्याला शीत दिवस म्हणते : किमान तापमान फार उतरलेले नसते, पण दुपारचा पारा १२-१४ वरच अडकतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची झड, येऊन गेला, हवेत ओल राहिली, वारा पडला, की धुके जमिनीला चिकटून बसते आणि शहराचा धूरही त्यात कोंडतो. या दिवशी वयस्करांचे सकाळचे फिरणे बंद. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. आजोबांना रजईतून एकदम उठू देऊ नका. आधी बसून पाय हलवावेत, कोमट पाणी प्यावे, मग उभे राहावे. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पडते, तेव्हा दर दोन तासांनी आठवणीने द्या. छातीत दुखणे, श्वास लागणे याला ‘गारठा लागला’ म्हणून शेक देत बसू नका, थेट दवाखाना.

बाहेर जायचेच तर जयविलास महाल. १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांनी बांधलेला. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची. छत त्यांना पेलेल का हे पाहण्यासाठी आधी हत्ती चढवले होते अशी कथा सांगतात. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी मुलांना आवडते. दालने गारच असतात, टोपी काढू नका.

परतीच्या गाडीचा ठिकाणा वेळापत्रकात पाहू नका. ती आग्र्याला आली का हे पाहा. तिथून निघाली की मग घरून निघायचे. धुक्यात चालकांना जीपीएसवर चालणारे यंत्र पुढचा सिग्नल किती जवळ आला ते सांगते, तरी वेग ताशी ७५ किलोमीटरपर्यंतच ठेवतात. जिथे गरज पडते तिथे सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे रुळावर फटाके लावतात, चाकाखाली बार उडाला की चालक सावध होतो. फलाटावर बसून असलेल्याला या उशिराचा राग येतो, पण त्या उशिरामुळेच आतली माणसे धडपणे पोहोचतात.

फलाटावरचा दगडी बाक आधी वर्तमानपत्राने झाका, वर घोंगडी, मग आजींना बसवा. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि वेगळ्या बाटलीत गरम पाणी. डबा चार तास जास्तीचा बांधा : पराठे, कोरडी भाजी, डिंकाचे लाडू. गजकचे खोके पिशवीत वरच्या बाजूला, प्लॅस्टिकमध्ये नीट बांधून. भुसावळच्या पुढे हवा बदलते, आणि उघडे राहिले तर पुण्याला पोहोचेपर्यंत ते मऊ पडलेले असते.